तालमीची खोली त्या पोरांना द्या : फोंडा तालुक्यातील मराठी संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना खुले पत्र

सन्माननीय अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारिणीतील मंडळी,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र कुणा एका संस्थेला नाही. वाचनालय असो, नाट्यमंडळ असो, भजनी मंडळ असो की उत्सव समिती. आपल्या तालुक्यात जिथे दारावर मराठी पाटी आहे आणि मागच्या बाजूला आठवड्यातले निम्मे दिवस कुलूप लावलेली तालमीची खोली आहे, त्या सगळ्यांना आहे. ज्या बैठकीमुळे लिहायला बसलो त्या संस्थेचं नाव मुद्दाम घेत नाही. तो अर्ज दुसऱ्या कुठल्या संस्थेत गेला असता तरी त्याचं हेच झालं असतं, याबद्दल मला शंका नाही. आपल्यालाही नसावी.

अर्ज चार मुलांचा होता. बारावी आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षातली मुलं. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी दोन तास खोली मिळावी, भाडं भरू, जाताना झाडून जाऊ, एवढीच मागणी. खाली वाद्यं लिहिली होती : दोन इलेक्ट्रिक गिटार, बास गिटार, ड्रम सेट. तिथेच घोडं अडलं. 'ऐनवेळी येणारे विषय' या सदरात, चहाचे कप गोळा होत असताना अर्ज वाचला गेला. 'संस्थेच्या उद्दिष्टांशी सुसंगत नाही' असं इतिवृत्तात लिहायचं ठरलं आणि मंडळी प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या दरपत्रकांकडे वळली. खुर्च्यांवरची चर्चा मात्र चांगली रंगली.

मी निमंत्रित म्हणून बसलो होतो. मध्ये बोललो, तेव्हा एका ज्येष्ठांनी हसत हसत विचारलं, "तुम्ही पेटीवाले. तुम्ही कसली या पोरांची बाजू घेताय?" ते वाईट बुद्धीने बोलले नाहीत. पण त्यांना उत्तर द्यायचं तर मला चाळीस वर्षांमागे जावं लागलं असतं, आणि तेवढ्यात खुर्च्या निघाल्या.

तर उत्तर असं, की मी पेटीवाला झालो तोच एका रॉक गाण्यामुळे.

मी बोरीचा. आमच्या घरामागून उतरत गेलं की खाजण, म्हणजे खाऱ्या पाण्याकाठची बांधाची शेतजमीन, पुढे जुवारी नदी आणि पलीकडे साष्टी तालुका. १९८६-८७ चे ते दिवस, मी अकरावीत. मराठी की कोकणी या भाषेच्या वादाने गोवा तापला होता. फेब्रुवारी १९८७ मध्ये राजभाषा कायदा झाला, ३० मे रोजी घटक राज्य आलं. तो सगळा इतिहास आपल्याला तोंडपाठ आहे आणि आपल्यापैकी काही जण तेव्हा मोर्चातही होते. आमच्या काठावर पलीकडच्यांबद्दल बरंच काही बोललं जायचं. त्यांच्याही काठावर आमच्याबद्दल बोललं जात असणार.

अशात एका थंडीच्या रात्री पलीकडे कुणाच्या तरी लग्नाचा बँड लागला. हिवाळ्यात रात्री पाण्यालगतची हवा गार होते आणि तिच्यावरची हवा तिच्या मानाने उबदार राहते. त्यामुळे एरवी आभाळात निघून जाणारा आवाज खाली वळतो आणि पाण्यावरून दूरवर येतो. नदीकाठच्या माणसाला हे शास्त्र कुणी शिकवलेलं नसतं, पण अनुभव असतो. पलीकडच्या काठावर कुणी खोकलं तरी आम्हाला कळायचं. त्या रात्री आधी नेहमीची नाचाची गाणी झाली. मग बराच वेळ काही नाही. जेवणं चालली असतील. आणि मग एकटी गिटार सुरू झाली.

आधी तीन सूर. मग चार. मग पाच. की पुन्हा पहिल्यापासून.

एवढंच. तेच पुन्हा पुन्हा. त्यात मागून ड्रमची झांज बारीक वाजायला लागली, मग ड्रम्स, आणि सगळ्यांत शेवटी बास आला. बास आला तेव्हा मी घरात नव्हतो, खाजणाच्या बांधावर होतो. कधी उठलो, दार कधी उघडलं, याचा पत्ता नाही. गाणाऱ्याचे शब्द इतक्या अंतरावर पोचतच नव्हते. नुसता माणसाचा आवाज वर-खाली होतोय एवढं कळायचं. म्हणजे ते गाणं माझ्यापुरतं बिनशब्दांचं होतं, आणि पुढेही बरेच दिवस तसंच राहिलं. वाऱ्याने तोंड फिरवलं की मधले दोन सूर गायब व्हायचे आणि ते मी मनात भरून घ्यायचो. सोळा वर्षांच्या पोराला आणखी काय हवं असतं? मला त्या रात्री जे झालं त्याला भक्तिमार्गात चांगली चांगली नावं आहेत. इथे वापरत नाही, उगाच कुणाच्या भावना दुखावतील.

फोंड्याला अकरावीत माझ्या शेजारी शिरोड्याचा एक मुलगा बसायचा. त्याचे वडील तारवटी. बोटीवरून ते कॅसेटी आणायचे. मधल्या सुट्टीत मी बाकावर बोटांनी ती लय वाजवली आणि तोंडाने सूर म्हटले. पहिले तीन म्हणून होतात न होतात तोच तो म्हणाला, "हे होय? डीप पर्पल. 'स्मोक ऑन द वॉटर'." बँडचं नाव आणि गाण्याचं नाव, इतक्या सहज, की जणू मी त्याला आरती कुठली ते विचारलं होतं. त्याच्या घरी ते गाणं त्याच्या जन्माआधीपासून नसलं तरी त्याला चालायला यायच्या आत नक्की पोचलं होतं. आमच्या घरी यायला त्याला चौदा-पंधरा वर्षं लागली, आणि तेही नदीवरून.

मडगावला तेव्हा कॅसेट भरून देणारी दुकानं होती. कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी द्यायची, आठवड्याने न्यायची. मी यादी दिलीच नाही, ते गाणं असलेला 'मशीन हेड' हा अख्खा अल्बम भरून घेतला. साठ मिनिटांच्या कॅसेटीच्या एका बाजूला अर्धा तास मावतो. त्यामुळे माझं गाणं पूर्ण यायचं आणि त्यानंतरचं अर्ध्यावर तुटायचं. आजही ते पुढचं गाणं कुठे लागलं तर त्या ठरावीक जागी माझा हात बटण फिरवायला पुढे जातो.

आता काकांची गोष्ट, कारण या पत्राचा सगळा भार त्यांच्यावरच आहे. माझे धाकटे काका भजनात पेटी वाजवायचे, जत्रेच्या नाटकांना ऑर्गनवर बसायचे. मला पेटी शिकवायचा त्यांचा प्रयत्न मी लहानपणापासून हाणून पाडत आलो होतो. अलंकार म्हटले की माझं पोट दुखायचं. एका संध्याकाळी मी ओसरीवर ते गाणं लावून बसलो होतो, टेपरेकॉर्डर सेलवर चालला होता. काका आले, उभ्यानेच ऐकलं आणि म्हणाले, "मागे घे." मला वाटलं, बंद कर म्हणतील. त्यांनी पेटी ओढली.

सूर शोधायला लागले तर षड्ज सापडेना. काळी तीनच्या आसपास कुठे तरी होता, पण धड पट्टीवर नाही, दोन पट्ट्यांच्या मध्ये लोंबकळत. काका वैतागले. मग त्यांनीच ओळखलं. "सेल उतरलेत तुझे. टेप हळू फिरतोय." खिशातून पैसे काढून दिले आणि मला दुकानात पिटाळलं. नवे सेल घातले आणि गाणं सुरू झालं ते बरोबर पांढरी पाचवर. काकांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता. साहेब सुरात आहे, हे त्यांना पटलं.

मग त्यांनी सूर म्हटले. सा, कोमल गंधार, मध्यम. सा, कोमल गंधार, तीव्र मध्यम आणि लगेच शुद्ध मध्यम. सा, ग, म, ग, सा. "दोन्ही मध्यम लागोपाठ!" ते म्हणाले. "आणि तीव्र नुसता चाटून खाली आला बघ. थांबला नाही. थांबला असता तर वाया गेलं असतं." मी आयुष्यात पहिल्यांदा दोन मध्यमांतला फरक ऐकला तो त्या क्षणी. तोवर ती शिक्षा म्हणून पाठ करायची नावं होती.

पण पेटीवर वाजवलं तर ते तसं लागेना. बारीक, पोकळ वाटायला लागलं. काकांनी पुन्हा पुन्हा मागे घ्यायला लावलं आणि मग दोन बोटं ठेवली : षड्जाबरोबर खालचा पंचम. ती जोडी तशीच पुढे सरकवली. कोमल गंधाराखाली कोमल निषाद, मध्यमाखाली षड्ज, तीव्र मध्यमाखाली कोमल रिषभ. झालं! ओसरीवर तेच गाणं उभं राहिलं. रिची ब्लॅकमोर हा गिटारवाला ते सूर असेच जोडीने, आणि नखी न वापरता नुसत्या बोटांनी छेडतो, हे मला फार पुढे वाचायला मिळालं. काकांना ते एका संध्याकाळीत, एका मोडक्या टेपरेकॉर्डरवरून कळलं होतं. विद्या म्हणतात ती ही.

दुसऱ्या दिवसापासून मी पेटीवर बसलो. आधी ते बारा सूर, मग अलंकार, मग पलटे, मग काका भजनाला नेतील तिथे मागे. पुढच्या चवथीला आरत्या आटोपल्यावर, रात्री उशिरा, आम्ही भावंडांनी ते गाणं घुमट (मातीच्या मडक्यावर कातडं चढवलेलं वाद्य), शामेळ आणि कासाळं या आपल्या आरतीच्या वाद्यांवर वाजवून पाहिलं. पेटीवर मी. घुमट त्या लयीत इतकं बसलं की वाजवणारा चुलतभाऊ थांबायलाच तयार नव्हता. घरच्या म्हाताऱ्या मंडळींनी थोडा वेळ ऐकून घेतलं आणि मग "पुरे आता, देवाला झोपू दे" म्हणून दिवा मालवला. कुणी कुलूप लावलं नाही.

आता बैठकीत निघालेल्या मुद्द्यांकडे येतो.

'आपलं संगीत नव्हे' हा पहिला. मंडळी, ज्या पेटीवाल्याला तुम्ही हा प्रश्न विचारलात, त्याची पेटी तरी कुठली? हार्मोनियमचं पेटंट फ्रान्समध्ये १८४२ मध्ये घेतलं गेलं. आपल्याकडे ती इतकी परकी मानली गेली की ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली, आणि ती बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडलं. भारतीय संगीताला ही शोभत नाही, मींड (सुरावरून सुरावर घसरत जाणं) काढत नाही, श्रुती (सुरांमधले बारीक सूर) दाखवत नाही. आक्षेप सगळे शास्त्रशुद्ध होते आणि आजही खोटे नाहीत. पण त्या तीस वर्षांत आपल्या देवळांनी ऐकलं का? सप्ताहात पेटी वाजतच राहिली. संगीत नाटकात ऑर्गन घुमतच राहिला. डीप पर्पलचा जॉन लॉर्डही ऑर्गनवालाच. त्याचा विजेवर चालणारा हॅमंड, आपला पायाने भात्यावर चालणारा, एवढाच फरक. आज पेटीविना भजन करून दाखवा म्हटलं तर आपल्यातले निम्मे घरी जातील. मी धरून.

आणि आपल्या मातीचीच साक्ष हवी असेल तर केरीला जाऊ. सूरश्री केसरबाई केरकरांची तसबीर आपल्या बऱ्याच सभागृहांत आहे, तिला हार घालताना मीही उभा असतो. १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर ही दोन याने अंतराळात धाडली. त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी होती, पृथ्वीवरचं संगीत भरलेली. भारतातलं तिच्यात एकच गाणं गेलं : केसरबाईंची भैरवी, 'जात कहाँ हो'. आणि त्याच तबकडीवर चक बेरी या गिटारवाल्याचं 'जॉनी बी. गुड' आहे. रॉक अँड रोलचं मूळपीठ म्हणावं असं गाणं. अखेरची निवड करणाऱ्यांना त्यात काही विसंगत वाटलं नाही. आपल्या केरीच्या बाई गेली जवळजवळ पन्नास वर्षं एका रॉकवाल्याच्या शेजारी बसून सूर्यमालेबाहेर निघाल्या आहेत, आणि आपण फोंड्यात त्यांच्या तसबिरीखाली ठराव करतो की गिटार आत यायला नको.

'त्यांचं ते त्यांना, आपलं ते आपल्याला' असंही एक वाक्य पडलं. हळू आवाजात पडलं, इतिवृत्तात येणार नाही. त्यातल्या 'त्यांचं' या शब्दाने कोण अभिप्रेत होतं ते सगळ्यांना कळलं. चार मुलांत एक ख्रिस्ती आहे, हेही त्यात आलं. याला काय सांगू? आपण जी जुनी हिंदी गाणी छातीशी धरून बसतो, त्यांचे वाद्यमेळ कुणी बांधले? शंकर-जयकिशन यांच्या मागे सेबास्टियन डिसोझा. सी. रामचंद्रांबरोबर चिक चॉकलेट, मूळचे हळदोण्याचे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. ही सगळी गोव्यातल्या चर्चच्या शाळांत सोल्फेज, म्हणजे पाश्चात्त्य सरगम, घोकून मोठी झालेली पोरं. आणि घुमट? २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं. ते आपल्या आरतीत आहे आणि त्यांच्या मांडो गीतांतही आहे. कुणी कुणाकडून उचललं याचा वाद घालायला बसलो तर घोरपडीच्या कातड्याचा तुटवडा पडायचा. तसाही आता कायद्याने घोरपड चालत नाही, बकऱ्याचं कातडं चढवतो आपण, आणि तरीही घुमट घुमटच राहिलं.

व्यसनाचा मुद्दा मी झटकून टाकणार नाही. गोव्यात पोरं वाढवणाऱ्या माणसाला ती भीती असतेच आणि असावी. पण ती भीती गिटारच्या माथी मारू नका. शिवोलीच्या रेमो फर्नांडिस यांनी १९८६ मध्ये 'पॅक दॅट स्मॅक' ही कॅसेट काढली, तिचं शीर्षकगीतच अमली पदार्थांविरुद्ध आहे. त्या काळात या विषयावर पोरांच्या कानात शिरेल असं दुसरं कुणी काही बोलत असलं तर माझ्या ऐकण्यात आलं नाही; आपली व्याख्यानं होत होती, पण ती ऐकायला आपणच असायचो. दुसरं असं, की मंगळवारी आणि गुरुवारी सहा ते आठ ही मुलं कुठे आहेत हे आज त्यांच्या आईबापांना सांगता येत नाही. खोली दिलीत तर तुम्हाला सांगता येईल.

आवाजाची तक्रार मात्र रास्त आहे. ड्रम सेट फ्लॅटमध्ये वाजवता येत नाही, म्हणून तर मुलं तुमच्याकडे आली. ज्या गाण्याबद्दल मी इतका वेळ लिहितोय त्याचाही जन्म शेजाऱ्यांच्या तक्रारीतच झाला. डिसेंबर १९७१ मध्ये डीप पर्पल स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावी अल्बम करायला गेले. ज्या कॅसिनोत ध्वनिमुद्रण करायचं होतं, तिथे आदल्या दिवशी फ्रँक झापा यांचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतल्या कुणी तरी फ्लेअर गन उडवली आणि अख्खी इमारत जळून गेली. जीव कुणाचा गेला नाही. तळ्यावर पसरलेला तो धूर या मंडळींनी आपल्या हॉटेलातून बघितला. गाणं त्याचंच आहे. मग त्यांनी गावातलं एक जुनं नाट्यगृह मिळवलं. तिथे रात्री या गाण्याचा वाद्यांचा भाग मुद्रित करत असताना शेजारपाजाऱ्यांनी पोलीस बोलावले. पोलीस दार ठोकत होते आणि बँडची मदतनीस मंडळी आतून दार दाबून उभी होती, गाणं पुरं होईपर्यंत. दुसऱ्या दिवशी तिथून हकालपट्टी झाली आणि उरलेला अल्बम हिवाळ्यात बंद असलेल्या एका हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये, गाद्या उभ्या करून, कुडकुडत पुरा झाला. हे गाणं चालेल असं खुद्द त्यांनाही वाटलं नव्हतं. सुटी तबकडी म्हणून त्यांनी पहिलं काढलं ते दुसरंच. हे गाणं तसं बाहेर यायला १९७३ उजाडलं.

ही गोष्ट पोरांना सांगू नका, दार दाबून उभं राहण्याची कल्पना त्यांना आवडेल. आपल्यासाठी त्यातलं घेण्यासारखं एवढंच, की जागा मिळणं ही या संगीताची पहिल्यापासूनची अडचण आहे. आणि आपल्याकडे जागा आहे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम २००० सालापासून आहे आणि तो मोडायची मागणी कुणी केलेली नाही. मुलं आठला थांबतील. आपल्या नाटकांच्या तालमी किती वाजेपर्यंत चालतात ते मी इथे लिहीत नाही.

उरला मराठीचा मुद्दा. "मराठीच्या पैशांवर इंग्रजी गाणी?" यात तथ्य आहे आणि मला ते टोचतंही. संस्थेच्या घटनेत मराठीचं संवर्धन लिहिलंय, मीही त्याच कलमावर सही करून आजीव सभासद झालोय. पण आपल्या वाचनालयात आज संध्याकाळी कोण येतं ते बघा. मी येतो. माझ्यापेक्षा वडील येतात. वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज रस्त्यावर ऐकू जाईल इतकी शांतता असते. अठरा वर्षांचं पोर या इमारतीत स्वतःच्या पायांनी यायला तयार आहे, किल्ली मागायला तुमच्याशी मराठीत बोलायला तयार आहे, आणि आपण त्याला उद्दिष्टांचं कलम वाचून दाखवतोय. जाता-येता त्याची नजर कपाटांवर पडेल की नाही मला माहीत नाही. दारच बंद असेल तर नक्की पडणार नाही, एवढं कळतं.

एक विनंती मात्र जपून करतो, कारण इथे आपली सगळ्यांची जीभ सैल सुटते. होकार देताना अट घालू नका. 'खोली देतो, पण अभंग वाजवा' नको. 'वर्धापनदिनाला गिटारवर नाट्यगीत बसवा' नको. अशा अटींतून काय निपजतं ते आपण प्रत्येक युवा महोत्सवात बघतो : मागे तीन गिटारी, पुढे फेटे, आणि बिचाऱ्या विठोबाला धड ना टाळ ना ड्रम. काका मला त्या संध्याकाळी म्हणाले असते की आधी भूप शिक, मग तुझ्या साहेबाचं बघू, तर आज मी तुमच्या भजनात मागे टाळ्या वाजवत बसलो असतो, किंवा आलोच नसतो. त्यांनी माझ्या गाण्यातला मध्यम मला दाखवला. त्यांना भूप शिकवायची घाई नव्हती. मुलं पुढे कधी काय वाजवतील ते त्यांचं ती बघतील. कदाचित काहीच आपल्याला आवडेल असं वाजवणार नाहीत. चालेल. नाटकाच्या तालमीला खोली देताना नाटक चांगलं होईल असं लिहून घेतो का आपण?

त्यातल्या एका मुलाला मी बैठकीनंतर बाहेर गाठलं. कुठलं गाणं बसवताय विचारलं. त्याने जे नाव सांगितलं ते मी कधी ऐकलेलं नव्हतं. मोबाइलवर लावून दाखवलं त्याने, एक इयरफोन माझ्या कानात, एक त्याच्या. खरं सांगतो, मला ते मुळीच आवडलं नाही. गाणारा ओरडत होता, ड्रम्स एकमेकांवर आदळत होते. पण मध्येच त्याने बोट वर केलं, "ऐका, आता, आता," म्हणाला, आणि गिटार एका सुरावर येऊन क्षणभर अडली आणि खाली घसरली. तेवढा भाग त्याने मला मागे घेऊन पुन्हा ऐकवला. कुठला सूर ते मला लगेच कळलं नाही, घरी जाऊन पेटीवर बघावं लागलं. कोमल रिषभ.

तेव्हा मंडळी, कामाचं बोलू. ज्या संस्थेकडे खोली आहे तिने आठवड्यातले दोन दिवस, सहा ते आठ, मुलांना द्यावेत. भाडं नाटकवाल्यांना लावता तेवढंच लावा, कमी नको. फुकट मिळालेल्या जागेची किंमत राहत नाही आणि उपकाराखाली कुणाला वाजवता येत नाही. जमिनीवर जुनी जाजमं टाकावीत, रस्त्याकडच्या खिडक्यांना जाड पडदे लावावेत; आवाज थोडा तरी तिथेच मरतो. अनामत घ्या. नासधूस झाली तर भरून देण्याची हमी म्हणून अर्जावर सही करायला मी तयार आहे, आणि माझ्याबरोबर आमच्या भजनी मंडळातले पखवाजवाले बुवाही. त्यांना विचारूनच लिहितोय.

एक गोष्ट मात्र मुलं यायच्या आधी करून घ्यावी लागेल. आपल्यातल्या बऱ्याच जुन्या खोल्यांतल्या थ्री-पिन प्लगला अर्थिंग नसतं. आपल्याला ते आजवर कळलं नाही, कारण पेटीला वीज लागत नाही. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा हातात आणि ओठ माईकला, अशा वेळी अर्थिंग नसेल तर जोरात झटका बसू शकतो. वायरमन माझ्या ओळखीचा आहे, रविवारी येऊन बघतो म्हणालाय. त्याचे पैसे मी देईन.

आपला,
फोंडा तालुक्यातला एक आजीव सभासद